पगार आणि स्वतःचा व्यवसाय, दोन्हींचं मिळून एक रिटर्न: सुरुवातीपासून पडताळणीपर्यंत

उद्यमबागेतल्या कारखान्यात नोकरी आणि संध्याकाळी बाहेरची ड्रॉइंगची कामं. हॉस्पिटलात पगार आणि घराखाली दवाखाना. ऑफिसची नोकरी आणि जोडीला विम्याची एजन्सी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात असं दुहेरी उत्पन्न असलेली घरं भरपूर आहेत आणि त्यांच्या रिटर्नमधल्या चुकाही ठरलेल्या आहेत. पगाराचा हिशेब कंपनी करते, फीवरचा टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारला भरलेला कर) ग्राहक कापतो, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो. कंपनी म्हणते कर शून्य, ग्राहक म्हणतो कापून झाला, आणि दोन्हींची बेरीज मांडली की चाळीस हजार भरायचे निघतात. ही बेरीज करणारं तिसरं कोणी नाही, ती तुम्हीच करायची आहे.

खालची माहिती १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या वर्षाच्या उत्पन्नासाठी आणि ज्यांना ऑडिट (सीएकडून हिशेबाची तपासणी) लागत नाही अशा लोकांसाठी आहे.

आधी वर्ष नीट धरा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला असून त्यात 'कर वर्ष' हा शब्द आहे. २०२५-२६ चं उत्पन्न मात्र जुन्या १९६१ च्या कायद्यातच बसतं. त्यामुळे रिटर्न आणि चलन दोन्हीकडे 'आकारणी वर्ष २०२६-२७' निवडायचं. इथे चुकलात तर भरलेला कर भलत्याच वर्षाला जमा होतो आणि या वर्षाची थकबाकी निघते.

## १. कागद जमवा, पण घाई करू नका

शेवटच्या तिमाहीचा टीडीएस ग्राहकाने कळवण्याची मुदत ३१ मे असते. कंपनीने फॉर्म १६ (पगार आणि त्यावरच्या टीडीएसचा दाखला) देण्याची मुदत १५ जून. त्याआधी रिटर्न भरायला बसलात तर निम्मी माहिती आयकर विभागाच्या पोर्टलवर आलेलीच नसते. जूनचा दुसरा पंधरवडा उजाडू द्या आणि मग हे समोर घ्या:

- फॉर्म १६, वर्षात नोकरी बदलली असेल तर दोन्ही कंपन्यांचा
- टीडीएस कापलेल्या प्रत्येक ग्राहकाकडून फॉर्म १६ए, म्हणजे त्या टीडीएसचा दाखला
- पोर्टलवरून उतरवलेले २६एएस (तुमच्या पॅनवर जमा टीडीएसचा तक्ता) आणि एआयएस (विभागाला कळलेल्या तुमच्या व्यवहारांची यादी)
- सगळ्या बँक खात्यांचे वर्षभराचे उतारे, सोसायटी आणि पतसंस्थेची खातीसुद्धा
- स्वतः केलेल्या बिलांची यादी: तारीख, ग्राहक, रक्कम, पैसे रोख आले की खात्यावर
- शेती असेल तर जमिनीचा उतारा, कारखान्याची ऊसबिलं, खत-मजुरीच्या पावत्या

सगळ्यात जास्त वेळ जातो तो बँक उताऱ्यावर. फी, भाच्याने परत केलेले उसने पैसे आणि भिशीची रक्कम असं सगळं एकाच यूपीआय खात्यावर येतं. प्रत्येक जमा रकमेपुढे एक शब्द लिहा: फी, विक्री, उसने, बदली, व्याज. पुढच्या वर्षी हा त्रास नको असेल तर व्यवसायासाठी वेगळं खातं उघडा. चालू खातंच हवं असं नाही, वेगळं बचत खातंही हिशेबाला पुरतं.

तपासा: नोकरी बदलली असेल तर बहुधा दोन्ही कंपन्यांनी प्रमाणित वजावट (पगारातून सरसकट वजा होणारी ठरावीक रक्कम) धरलेली असते. ती वर्षाला एकदाच मिळते, नव्या करप्रणालीत (दर कमी, वजावटी मोजक्या) ७५,००० आणि जुन्या प्रणालीत (वजावटी जास्त) ५०,०००.

## २. कोणता पैसा कुठल्या खान्यात

सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो.

पगार. नोकरीचं नातं असेल तरच पगार, आणि त्याची खूण बहुधा फॉर्म १६. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारे, हॉस्पिटलात 'कन्सल्टंट' म्हणून नेमलेले डॉक्टर यांना महिन्याला ठरावीक रक्कम येते, म्हणून ते ती पगारात टाकतात. पण टीडीएस कलम १९४जे खाली १० टक्क्यांनी कापलेला असेल आणि फॉर्म १६ए मिळाला असेल, तर देणाऱ्याने ती फी म्हणून दाखवली आहे. तुमच्याकडे ती व्यवसायाच्या खान्यात जाते आणि त्यावर प्रमाणित वजावट मिळत नाही.

ठरावीक व्यवसाय, कलम ४४एडीए. डॉक्टर, वकील, इंजिनीअर, आर्किटेक्ट, अकाउंटंट, तांत्रिक सल्लागार, अंतर्गत सजावट करणारे आणि माहिती तंत्रज्ञानासारखी अधिसूचित क्षेत्रं. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत असेल (रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत) तर जमेच्या किमान ५० टक्के नफा दाखवून मोकळं होता येतं. हिशेबाच्या वह्या ठेवाव्या लागत नाहीत. नफा धरल्यानंतर पेट्रोल, भाडं, लॅपटॉप असा कुठलाही खर्च पुन्हा वजा होत नाही, ते सगळं उरलेल्या ५० टक्क्यांत आलं.

इतर धंदा, कलम ४४एडी. किराणा, टेलरिंग, लेथवरचं जॉबवर्क, केटरिंग. खात्यावर आलेल्या रकमेच्या ६ टक्के आणि रोख रकमेच्या ८ टक्के हा किमान नफा. उलाढालीची मर्यादा २ कोटी, रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटी. शिकवणी ४४एडीएच्या यादीत नाही, ती सहसा इथे दाखवतात. पण ६ आणि ८ टक्के हा तळ आहे. घरात शिकवणी घेऊन ३ लाखांतले अडीच लाख खरोखर हातात राहिले, तर १८,००० नफा दाखवणं चूक. कलमातच लिहिलंय की प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर जास्त दाखवायचा. शाळेतल्या शिक्षकांनी आणखी एक लक्षात घ्यावं: शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २८ नुसार शिक्षकाला खाजगी शिकवणी घेता येत नाही. रिटर्नमध्ये कर भरला म्हणून ती बंदी उठत नाही.

कमिशन. विमा एजंट, म्युच्युअल फंड वितरक, दलाल यांना ४४एडी लागूच होत नाही. दरवर्षी कितीतरी एजंट कमिशनच्या ८ टक्के नफा दाखवून सुगम (आयटीआर-४) फॉर्म भरतात आणि मग नोटीस आली की धावपळ. कमिशनमधून प्रत्यक्ष झालेला खर्च वजा करून उरेल तो नफा, आणि खर्चाच्या पावत्या जवळ हव्यात. एजन्सी पत्नीच्या नावावर असेल तर कमिशन आणि टीडीएस तिच्या पॅनवर येतो, रिटर्नही तिचं वेगळं.

दूध, कोंबड्या आणि शेती. डेअरीला घातलेल्या दुधाचं बिल हे शेतीचं उत्पन्न नाही, पोल्ट्रीचंही नाही. ते धंद्यात जातं. ऊस, तंबाखू, भात, काजू हे शेतीत. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, पण खर्च जाता ते ५,००० च्या वर असेल आणि बाकीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर कराचा दर ठरवताना ते धरलं जातं. म्हणून 'माफ आहे, दाखवायचं कशाला' हे चालत नाही.

सावध: धंद्यातला तोटा पगारातून वजा होत नाही. तो पुढच्या वर्षांच्या धंद्याच्या नफ्यासाठी ओढता येतो, तेही रिटर्न मुदतीत भरलं तरच.

## ३. फॉर्म निवडा

आयटीआर-१ (सहज) विसरा. पगार कितीही मोठा आणि बाहेरचं काम कितीही छोटं असलं, तरी व्यवसायाचा एक रुपया आला की तो फॉर्म बाद.

आयटीआर-४ (सुगम) चालतो तो व्यवसाय ४४एडी किंवा ४४एडीए खाली दाखवणार असाल आणि एकूण उत्पन्न ५० लाखांच्या आत असेल तर. पण कंपनीचे संचालक असाल, शेअर बाजारात नोंद नसलेले शेअर असतील, अल्पकालीन भांडवली नफा असेल, किंवा शेतीचं उत्पन्न ५,००० च्या वर असेल तर नाही.

या शेवटच्या अटीवर आपल्या भागातली बरीच रिटर्नं अडकतात. वडिलोपार्जित दोन एकर ऊस आहे, बिल तुमच्या खात्यावर आलंय, खर्च जाता ऐंशी हजार उरले: आयटीआर-३ भरा. त्यातही ४४एडीएचा नफा दाखवता येतो, लाभ जात नाही. फॉर्म लांबलचक आहे, पण लागू नसलेले तक्ते सुरुवातीलाच वगळले की तो आटोपशीर होतो. शेतीचं उत्पन्न ५ लाखांच्या वर असेल तर जमिनीचं क्षेत्र, जिल्हा, पिनकोड, स्वतःची की खंडाने, बागायत की जिरायत, हे सगळं भरावं लागतं. उतारा समोर असला की काम पाच मिनिटांचं आहे. तो कन्नडमध्ये असतो, आकडे जुळवताना एकर आणि गुंठे उलटे धरू नका.

कमिशन, वायदे बाजारातले व्यवहार, किंवा ठरलेल्या टक्क्यांपेक्षा कमी नफा दाखवायचा असेल तरीही आयटीआर-३. एजंटांना हिशेबाच्या वह्यांची भीती वाटते. धंद्याचं उत्पन्न मागच्या तीन वर्षांत कधीच अडीच लाखांच्या वर आणि उलाढाल २५ लाखांच्या वर गेली नसेल, तर वह्या सक्तीच्या नाहीत. आयटीआर-३ मध्ये 'हिशेब न ठेवलेल्यां'साठी छोटा भाग आहे. त्यात एकूण जमा, ढोबळ नफा, खर्च, निव्वळ नफा एवढंच भरायचं. गाडी आणि फोन घरीही वापरत असाल तर सगळा खर्च टाकू नका, धंद्याचा वाटा काढून तेवढाच धरा. एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोखीने दिलेला खर्च मान्य होत नाही.

## ४. करप्रणाली: इथे मागे फिरता येत नाही

नुसता पगार असणाऱ्याला दरवर्षी जुनी की नवी हे रिटर्नमध्येच टिचकी मारून ठरवता येतं. व्यवसायाचं उत्पन्न आलं की ही मुभा जाते. काही केलं नाही तर नवी प्रणाली लागते. जुनी हवी असेल तर रिटर्न भरण्याच्या मूळ मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए वेगळा भरावा लागतो, आणि त्याचा पावती क्रमांक रिटर्नमध्ये टाकावा लागतो. एकदा जुनीत जाऊन परत नवीत आलात की व्यवसाय चालू असेपर्यंत पुन्हा जुनीत जाता येत नाही.

कंपनीला तुम्ही जुनी प्रणाली सांगितली होती, तिने घरभाडं, ८०सी (विमा, पीएफसारखी बचत) वगैरे धरून टीडीएस कापला, आणि १०-आयईए भरायचा राहून गेला, तर या वजावटी मिळत नाहीत आणि फरकाचा कर अंगावर येतो. कंपनीला सांगणं आणि विभागाला सांगणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

राहिला व्यवसाय कर, म्हणजे पगारातून कापला जाणारा. शिनोळीला चंदगड तालुक्यात नोकरी असेल तर महाराष्ट्राचा कापला जातो, मच्छे किंवा उद्यमबागेत असेल तर कर्नाटकाचा. दोन्हीकडे कमाल वर्षाला २,५००. जुन्या प्रणालीत तो पगारातून वजा होतो, मग कुठल्याही राज्याचा असो, नव्या प्रणालीत होत नाही. दोन राज्यांत काम म्हणून दोन रिटर्न लागतात हा समज चुकीचा आहे. आयकर केंद्राचा, रिटर्न एकच, पत्ता राहत्या घराचा.

## ५. बेरीज मांडा, कागदावर

पोर्टल उघडण्याआधी हे हातानं करा. नव्या प्रणालीचे २०२५-२६ चे दर: ४ लाखांपर्यंत शून्य, पुढे प्रत्येक ४ लाखांच्या टप्प्याला ५, १०, १५, २०, २५ टक्के, आणि २४ लाखांच्या वर ३० टक्के. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७ए ची सूट मिळून कर शून्य. कर निघाला तर त्यावर ४ टक्के उपकर.

कारखान्यातल्या इंजिनीअरचं उदाहरण घ्या:

- पगार १०,८०,०००, वजा ७५,००० = १०,०५,०००
- बाहेरच्या ड्रॉइंगच्या कामाची जमा ६,००,०००, ४४एडीए प्रमाणे ३,००,०००
- बचत खातं आणि ठेवीचं व्याज १५,०००
- एकूण १३,२०,०००

कर: ४ ते ८ लाखांवर २०,०००, ८ ते १२ लाखांवर ४०,०००, उरलेल्या १,२०,००० वर १८,०००. मिळून ७८,०००, उपकर ३,१२०, एकूण ८१,१२०.

कंपनीने फक्त १०,०५,००० पाहिले, ते १२ लाखांच्या आत, म्हणून टीडीएस शून्य. एका मोठ्या ग्राहकाने ४,००,००० वर ४०,००० कापले, बाकी छोट्या ग्राहकांनी काहीच नाही. उरतात ४१,१२०. फॉर्म १६ वर शून्य पाहून निर्धास्त राहिलेला माणूस इथे दचकतो.

सावध: १२ लाख ओलांडले म्हणजे फक्त वरच्या रकमेवर कर असं नाही, ४ लाखांपासूनचा सगळा कर जागा होतो. थोडंसंच ओलांडलं असेल तर दिलासा आहे: मूळ कर १२ लाखांवरच्या रकमेपेक्षा जास्त होत नाही. वरच्या उदाहरणात जादा रक्कम १,२०,००० आणि कर ७८,०००, म्हणून हा दिलासा लागत नाही.

## ६. आगाऊ कर आणि व्याज

टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० किंवा जास्त निघणार असेल तर आगाऊ कर भरावा लागतो. ४४एडी आणि ४४एडीए वाल्यांना एकच हप्ता, १५ मार्चपर्यंत पूर्ण. बाकीच्यांना चार: १५ जूनला १५ टक्के, १५ सप्टेंबरला ४५, १५ डिसेंबरला ७५, १५ मार्चला १००.

वरच्या इंजिनीअरने काहीच भरलं नाही आणि जुलैत चलन केलं, तर हप्ता चुकल्याचं कलम २३४सी चं एका महिन्याचं १ टक्का व्याज म्हणजे ४११, आणि आगाऊ कर न भरल्याचं २३४बी चं एप्रिल ते जुलै चार महिन्यांचं १,६४४. चलन सुमारे ४३,१८० चं होतं. महिन्याचा एक दिवस लागला तरी पूर्ण महिना धरतात, त्यामुळे ३१ जुलैऐवजी १ ऑगस्टला भरलं तर आणखी ४११.

मार्चची आठवण ठेवायची नसेल तर बाहेरचं अंदाजे उत्पन्न कंपनीला लेखी कळवा, म्हणजे ती पगारातूनच जादा टीडीएस कापते. बाहेरचं काम कंपनीला कळू नये असं ज्यांना वाटतं, त्यांना हा मार्ग नाही. त्यांनी नोकरीच्या करारातली बाहेरच्या कामाची अट तरी एकदा वाचावी. सरकारी नोकरांना तर परवानगीशिवाय धंदाच करता येत नाही.

चलन भरताना आगाऊ करासाठी कोड १००, वर्ष संपल्यावर रिटर्नआधी भरायच्या करासाठी ३००. पावतीवरचा बीएसआर कोड, तारीख आणि चलन क्रमांक उतरवून ठेवा.

## ७. पोर्टलवर भरणे, याच क्रमाने

१. प्रोफाइलमध्ये बँक खातं आधी वैध करून घ्या. परतावा अडकण्याचं आपल्याकडचं मोठं कारण हेच. पॅनवर वडिलांचं नाव मधे, बँकेत आडनाव आधी, स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर वेगळं, आणि खातं नापास होतं. कर्नाटक विकास ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून कर्नाटक ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे. तिचं खातं दिलेलं असेल तर आयएफएससी शाखेतून तपासून पुन्हा वैध करा.

२. आकारणी वर्ष, मग फॉर्म, मग करप्रणाली. क्रम उलटा केला तर भरलेले तक्ते पुसले जाऊ शकतात.

३. पगाराचा तक्ता. आधीच भरून आलेले आकडे फॉर्म १६ शी ओळीओळीने जुळवा.

४. व्यवसायाचा तक्ता. धंद्याचा कोड तुमच्या खऱ्या कामाचा निवडा. जमा भरताना खात्यावर आलेली आणि रोख वेगवेगळी. सुगममध्ये त्याखाली देणी, येणी, शिल्लक माल आणि हातातली रोकड विचारतात. तिथे सगळीकडे शून्य टाकायची सवय वाईट. मार्चअखेर ग्राहकाकडे ३५,००० अडकले होते तर तेच लिहा.

५. जीएसटी नोंदणी असेल तर नंबर आणि उलाढाल टाका. हा आकडा एआयएसमध्येही असतो, फरक लगेच दिसतो. सीमेवरच्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट: सेवा परराज्यात दिली तरी २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. पण करपात्र माल राज्याबाहेर विकला, म्हणजे निपाणीत बनवलेला कुंदा कागलच्या दुकानाला घातला, तर उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी सक्तीची होते. हस्तकलेच्या काही वस्तूंना सूट आहे.

६. व्याज, मग वजावटी, मग टीडीएस. टीडीएसच्या प्रत्येक ओळीपुढे ते उत्पन्न कुठल्या खान्यात दाखवलंय हे विचारतात. १९४जे चा टीडीएस मागितला आणि व्यवसायात जमा दाखवलीच नाही, तर रिटर्न सदोष ठरतं.

तपासा: २६एएसमधल्या ग्राहकांच्या रकमांची बेरीज तुम्ही दाखवलेल्या जमेपेक्षा जास्त असता कामा नये. जास्त असेल तर कारण शोधा: ग्राहकाने मार्चचं बिल आधीच धरलंय का, किंवा जीएसटीसह रक्कम कळवलीय का. एआयएसमधली नोंद चुकीचीच असेल तर तिथे प्रतिसाद नोंदवा.

## ८. पडताळणी आणि त्यानंतर

'सबमिट' झालं म्हणजे रिटर्न भरलं असं नाही. ३० दिवसांत आधार ओटीपीने किंवा नेट बँकिंगने पडताळणी करा. आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडला असेल तर आधी तो बदलून घ्या. ते जमत नसेल तर सही केलेली पावती आयकर विभाग, केंद्रीय प्रक्रिया केंद्र, बेंगळुरू ५६०५०० या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा. ३० दिवस उलटल्यावर पडताळणी केली तर ती तारीख रिटर्नची तारीख धरतात आणि उशिराचं शुल्क लागू शकतं: ५,०००, उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,०००.

पुढे कलम १४३(१) ची सूचना ईमेलवर येते. त्यात दोन रकाने असतात, तुमचा हिशेब आणि विभागाचा. फरक असलेली ओळ शोधा, बहुतेकदा ती टीडीएसची असते. कलम १३९(९) ची सदोष रिटर्नची नोटीस आली तर उत्तराला १५ दिवस मिळतात. मोबाइलवर आलेला संदेश बाजूला सारू नका, मुदत गेली तर रिटर्न भरलंच नाही असं धरतात. मागच्या वर्षांत बाहेरचं काम दाखवायचंच राहिलं असेल, तर आकारणी वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत अद्ययावत रिटर्न भरता येतं. त्यावर पहिल्या वर्षी कर आणि व्याजाच्या २५ टक्के जादा द्यावे लागतात, पुढे ५०, ६० आणि ७०. विभागाची नोटीस येण्याआधी ते भरलेलं स्वस्त पडतं.